मुख्य विषयाचा रकाना

आई,

घरात अजून सगळे हळू बोलतात. विलास चहा मागतो तोसुद्धा असा, की आतल्या खोलीत तुम्ही झोपल्या असाल आणि जाग्या व्हाल. परवा मनू ओसरीत बसून सतराचा पाढा मोठ्यानं म्हणत होती. मध्येच थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, म्हण बेटा, आजीला आवडायचं. तिनं पुढचा पाढा मनातल्या मनात म्हटला.

तेरवी झाली. सतरंज्या, मोठी पातेली ज्यांची त्यांना परत गेली. शुभांगीताई बोरगाव मेघेला गेल्या, त्या माझ्याशी एक शब्द न बोलता गेल्या. तुमची मुलगी आहे, राग तुमच्यासारखाच. पण तो राग कशाचा, हे तुम्हाला माझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही कुठे जन्मल्या, कोणत्या कोणत्या गावच्या शाळेत शिकवलं, हे सगळं पेपरातल्या निधनवार्तेत येऊन गेलं. मजकूर विलासनं लिहिला, शुद्धलेखन मी तपासलं. तरी छापून आल्यावर दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले दिसलेच. पहिला विचार मनात आला तो हा, की आता बाई लाल पेन मागतील.

मनूला पहिलीत घातलं त्याच आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, "चल, आता तुहा नंबर." मला वाटलं, डोळे तपासायला न्यायचं म्हणता. तुम्ही माझी बारावीची मार्कशीट पिशवीत घातली होती. बारावी होऊन बारा वर्षं झाली होती. आर्वीला, माझ्या माहेरी, पुढच्या शिक्षणाचं बोलणं निघालं होतं, पण तेवढ्यात तुमच्याकडचं स्थळ आलं आणि ते बोलणं तिथंच राहिलं. तुम्ही मला सिंदीच्या स्टेशनवर पॅसेंजरमध्ये बसवलं, शेजारी स्वतः बसलात, आणि वर्ध्याच्या कॉलेजच्या ऑफिसात नेऊन उभं केलं.

खिडकीतल्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "कोणाची ॲडमिशन?"

"माह्या सुनेची," तुम्ही म्हणालात. "अन धांडे, समोर माणूस उभं असलं तं वर पाहून बोलावं."

धांडे बाबूंनी वर पाहिलं, आणि तो पन्नाशीला टेकलेला माणूस खुर्चीवरून उठून बाहेर आला आणि तुमच्या पाया पडला. चौथीत तुमच्या वर्गात होता. सगळ्या रांगेसमोर तुम्ही त्याला विचारलंत, अक्षर सुधारलं काय? मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या आत कुठेतरी फार बरंही वाटत होतं.

दोन वर्षं मी शिकले ती तुमच्या जोरावर. परीक्षेच्या दिवसांत तुम्ही मला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हता. कोणी पाहुणी आली आणि "सूनबाई दिसत नाई" म्हणाली, की तुम्ही सांगायच्या, "अभ्यास करून राह्यली. बसा, चहा मी करते." सिंदीत बायका आपसांत हसायच्या, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मुद्दाम मोठ्यानं सांगायच्या.

म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड झालं. तुम्ही मला अडवणाऱ्या सासू असत्या, तर मी सरळ भांडले असते.

दोन वर्षं माझे तीन विषय होते, मराठी, इतिहास आणि भूगोल. अंतिम वर्षाला त्यातला एक मुख्य म्हणून निवडायचा होता. एकदा निवडला की पदवी त्याच विषयाची, आणि पुढची वाटही त्याचीच. तुमच्या मनात मराठी पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. मराठी, मग बीएड, मग शाळा. माझ्या मनात काही पक्कं नव्हतं, दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापर्यंत.

त्या हिवाळ्यात भूगोलाच्या कुबडे मॅडमनी आम्हाला घरच्या गल्लीचा नकाशा करून आणायला सांगितला. तुम्हाला आठवत असेल. मनूनं टेपचं एक टोक धरलं होतं, मी दुसरं. शेजारच्या कमलताईंच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आम्ही मोजत गेलो. तुम्ही ओसरीत खुर्ची टाकून पाहत होतात. तेरा वर्षं मी त्या गल्लीतून डोकं खाली घालून भाजी आणायला गेले, लग्नाकार्याला गेले, मनूला शाळेत सोडायला गेले. ती कुठे किती वळते, कुठे अरुंद होते, हे मला कागदावर उतरवल्यावर कळलं. त्या कागदावर आपलं घर माझ्या बोटाच्या नखाएवढं होतं, आणि ते मी माझ्या हातानं बरोबर जागेवर ठेवलं होतं. मला काय झालं ते मी तुम्हाला तेव्हा सांगू शकले नाही. मी नुसता नकाशा तुमच्यासमोर धरला. तुम्ही चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि लाल पेननं मथळ्यातली एक वेलांटी दुरुस्त करून परत दिला.

तुम्ही काहीच चूक केली नव्हती. वेलांटी खरंच चुकली होती. पण मी त्या दिवशी आत जाऊन रडले, हे तुम्हाला माहीत नाही.

मग जूनमध्ये फॉर्म आले. त्या दुपारी तुम्ही ओसरीत तुरीची डाळ निवडत होतात.

"अर्चना, फॉर्म कधीपर्यंत भरायचा आहे?"

"पुढच्या बुधवारपर्यंत."

"मराठी भरून टाक. मंग बीएडचं पाहू."

मी तीन दिवस ते वाक्य मनात घोकत होते. "आई, मले भूगोल घ्यायचा आहे."

तुमचा हात सुपात थांबला. "काऊन?"

"यंदा कॉम्प्युटरवर नकाशे करायचा पेपर आहे. मॅडम म्हणते, ते शिकलं तं काम भेटते. पाणलोटाची कामं असते, गावाचे सर्व्हे असते."

"कुठं भेटते? सिंदीत?"

"वर्ध्याले, नागपूरले."

"अन रोज संध्याकाळपर्यंत प्रॅक्टिकल. अन पाच दिवसाचं शिबिर, बाहेर राह्यचं."

"पोरं मले ताई म्हणतात, आई."

"मी पोरांचं नाई म्हणून राह्यली. तुह्या पुढचं म्हणून राह्यली." तुम्ही सूप बाजूला ठेवलं. "मास्तरकी हातात असली तं बाईले कोणाच्या तोंडाकडं पाहावं लागत नाई. मी पाह्यलं नाई, कोणाच्याच."

ते खरं होतं. बाबा गेले तेव्हा विलास नऊ वर्षांचा होता आणि शुभांगीताई सहाच्या. तुमच्या नोकरीनं हे घर उभं राहिलं, हे मी कधीच नाकारलं नाही. मी एवढंच म्हणाले, की तुमचा काळ वेगळा होता. समोरचा राजू बीएड होऊन सात वर्षं झाली आणि मोबाइलच्या दुकानात बसतो. तुम्ही म्हणालात, राजूनं अभ्यास केला नाही. मी म्हटलं, सगळ्यांनीच अभ्यास केला नाई काय? तुम्ही म्हणालात, तू करशील. तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणालात, की मला त्याचाच राग आला. माझं सगळं तुमच्याकडे ठरलेलं होतं.

मग मी ते बोलले. "तुमची नोकरी संपली म्हणून मी ती पुढं चालवायची काय? मी सून आहे तुमची. तुमच्या जागेवर भरती झालेली नाई."

तुम्ही रागावलात की वऱ्हाडी मागं पडायची आणि वर्गातली पुस्तकी मराठी यायची. विलास म्हणायचा, आईनं 'प्रयोजन' म्हटलं की पळायचं.

"तुमचा निर्णय झालेला दिसतो," तुम्ही म्हणालात. तेरा वर्षांत पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणालात. "मग आम्हाला सांगण्याचे प्रयोजन काय?"

पाच दिवस आपण बोललो नाही. जे काही होतं ते मनूच्या मार्फत. "मनू, तुझ्या आईला विचार, आज कोणती भाजी करायची आहे." मी दोन हात अंतरावर उभी, आणि मनू मान वळवून विचारायची, "आई, आजी विचारते कोणती भाजी?" तिला तो खेळ वाटत होता. विलास कापसाच्या जिनिंगमधून घरी आला की आधी दोघींचे चेहरे पाहायचा आणि पेपर उघडून बसायचा. घरात भांडी ठेवायचा आवाजसुद्धा कोणाला तरी टोचून बोलल्यासारखा वाटायचा.

मंगळवारी मी कॉलेजला गेले. धांडे बाबू खिडकीवर नव्हते, दुसरं कोणी होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की मी काहीतरी लपवायला निघाले आहे. मुख्य विषयाच्या रकान्यापाशी मी बराच वेळ पेन धरून बसले. मराठी लिहिलं असतं तर घरी गेल्यावर तुम्ही मला 'तू' म्हटलं असतं, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असतं. माझ्या मागे वीस-एकवीस वर्षांच्या मुली हसत-खिदळत फॉर्म भरत होत्या. त्यांना मागे वळून कोणाकडे पाहायचं नव्हतं. मी भूगोल लिहिलं आणि सही करून दिली.

बुधवारी संध्याकाळी जेवताना तुम्ही पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोललात.

"फॉर्म भरला काय?"

"भरला."

"काय भरलं?"

विलासचा घास हातातच राहिला. मनू आपली पोळी वरणात कुस्करत होती. तुम्ही माझ्याकडे सरळ पाहत होतात, आणि तुमच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी खरं बोलले असते, असं मला अजून वाटतं.

"मराठी," मी म्हणाले.

तुम्ही जरा वेळ पाहत राहिलात. मग म्हणालात, "बरं." आणि मी मागितलं नसताना माझ्या ताटात पळीभर वरण वाढलंत.

मी का खोटं बोलले, याची कारणं मी इतक्या दिवसांत पुष्कळ शोधली. मनूसाठी, घरातली शांतता राहावी म्हणून, कॉलेज सुरू झाल्यावर महिन्याभरात सांगू म्हणून. सगळी थोडी थोडी खरी आहेत. पण मुळात मला तुमचा अबोला सहन होईना, आणि भूगोलही सोडवेना. मला दोन्ही हवं होतं. ते घास गिळता गिळता एका शब्दात मिळत होतं, आणि मी घेतलं.

पुढचे आठ दिवस तुम्ही माझ्याशी फार चांगलं वागलात. मला त्याचीच भीती वाटायची.  एके दिवशी वाळलेले कपडे काढताना तुम्ही सहज विचारलंत, "प्रॅक्टिकल कोणत्या कोणत्या वाराले असते वं?"

माझ्या हातातली चादर खाली पडली. "मराठीले प्रॅक्टिकल कुठं असते, आई?"

"हो नं," तुम्ही म्हणालात. "भुललीच मी."

दोन दिवसांनी पुन्हा. मी भाकरी थापत होते, तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. "अर्चना, काई सांगाचं आहे काय तुले?"

"नाई तं," मी म्हणाले, तव्याकडे पाहत.

 तुम्ही मनूला हाक मारत बाहेर गेलात.

गुरुवारी सकाळी तुम्ही चहा घेतला, पेपर उघडला, आणि कप खाली पडला. मी धावत आले तेव्हा तुमचं तोंड एका बाजूला गेलं होतं. तुम्ही माझा दंड धरला आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. नुसता आवाज आला, शब्द आला नाही. आयुष्यभर चाळीस चाळीस मुलांसमोर बोललेली बाई, आणि शब्द आला नाही. तुमच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली.

वर्ध्याच्या दवाखान्यात तीन दिवस. तुम्हाला ऐकू येत होतं. मी हात दाबला की तुम्ही डावा हात दाबायच्या. शनिवारी दुपारी शुभांगीताई घरी गेल्या, विलास औषधं आणायला गेला, आणि खोलीत आपण दोघीच होतो. अर्धा तास होतो. मी तुमच्या कपाळावरचा घाम पुसला आणि वाक्य तोंडाशी आणलं. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. मी त्या सूचनेमागे लपले. मी म्हटलं, घरी आल्यावर सांगीन. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. मी तुमची उशी सारखी केली, जी सारखीच होती.

रविवारी पहाटे तुम्ही गेलात.

दहाव्या दिवशी धांडे बाबू भेटायला आले. विलासशी बोलून झाल्यावर मला म्हणाले, ताई, जरा बाहेर येता काय. फाटकापाशी उभं राहून त्यांनी पहिल्यांदा हात जोडले.

"बाईंनी मले शपथ घातलती, तुमाले सांगाचं नाई म्हणून. पण आता बाई नाई तं मले झोप येऊन नाई राह्यली."

तुम्ही त्यांना आधीच फोन करून ठेवला होता, अर्चनाचा फॉर्म आला की पाहून मले सांगजो. हे ऐकताना क्षणभर मला तुमचा पुन्हा राग आला, आई. तेरवीच्या आधी, तुमच्या फोटोसमोर दिवा जळत असताना, राग आला. तुम्ही माझ्यावर नजर ठेवली होती.

"बुधवारी दुपारी मी फोन केला," धांडे बाबू म्हणाले. "म्हटलं, बाई, सूनबाईनं भूगोल भरला. अजून बदलता येते, काय करू? बाई किती वेळ बोलल्याच नाई. मले वाटलं, फोन कटला. मंग विचारलं, सही तिच्याच हातची आहे नं? मी म्हटलं, हो. तं म्हणे, राहू दे मंग. तिनं भरलं ना, तेच."

बुधवारी दुपारी. आणि संध्याकाळी जेवताना तुम्ही मला विचारलंत, काय भरलं.

 म्हणजे मी 'मराठी' म्हणाले तेव्हा तुम्हाला माहीत होतं. चादर खाली पडली तेव्हा माहीत होतं. भाकरी थापताना, दवाखान्यातल्या त्या अर्ध्या तासात, सगळा वेळ माहीत होतं. मी समजत होते मी तुम्हाला फसवते आहे, आणि तुम्ही माझं खोटं ताटात घेऊन त्यावर मला वरण वाढत होतात.

तीन दिवस मी त्याच विचारात होते. ते तुमचं मोठेपण होतं की शिक्षा? तुम्ही का नाही म्हणालात, खोटं बोलू नको, मले माहीत आहे? मी चार वाक्यांत रडून मोकळी झाले असते. तुम्ही वाट पाहत बसलात. मी काही चौथीतली मुलगी नव्हते, की खडू चोरल्याचं आपणहून कबूल करायला उभी राहीन.

तेरवीला पंगती उठल्यावर घरचे सगळे ओसरीत बसले होते. शुभांगीताई आत्याबाईंना सांगत होत्या, "आईची एकच इच्छा होती, वहिनी मास्तरीण व्हावी. मले फोनवर सांगतलं होतं तिनं, अर्चना मराठी भरलं म्हणते."

'म्हणते.' कोणाच्याच लक्षात आलं नाही. तुम्ही माझं खोटं पुढं सांगितलं, पण स्वतः खोटं बोलल्या नाहीत. आयुष्यभर व्याकरण शिकवलेली बाई.

माझ्या हातात सुपारीचं तबक होतं, ते मी खाली ठेवलं. "ताई, मी भूगोल भरला."

"कधी? आई गेल्यावर बदलला?"

"नाई. पहिलेच. आईले मी खोटं सांगतलं."

 शुभांगीताईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माही आई मरेपर्यंत तू तिले फसवून राह्यली होती?"

तुम्हाला माहीत होतं, हे मी त्या क्षणी म्हणू शकले असते. म्हणाले नाही. आपल्या दोघींमधली ती गोष्ट माझा जीव वाचवायला पुढं करावी, असं मला वाटलं नाही. मी म्हटलं, "हो."

"दुरुस्तीची मुदत आहे नं अजून? मंग बदल. तिच्यासाठी एवढं तं कर."

आत्याबाई म्हणाल्या, बदल बाई, तिच्या जिवाले शांती भेटन. विलास जमिनीकडे पाहत होता. मी तबक उचलून आत गेले, आणि शुभांगीताई आपली बॅग भरायला उठल्या.

सगळे गेल्यावर मी विलासला धांडे बाबूंचं सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "आईले माहीत होतं, तुले माहीत होतं. तुमच्या दोघींच्या मधात मी कुठं होतो?"  याचं उत्तर तुमच्याकडे असतं का? दुसऱ्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, "बदलायचं असन तं तुह्या मनानं बदल. शुभांगीच्या बोलण्यानं नको." एवढं बोलून कामावर गेला.

आणि काल कमलताई. कुंपणापलीकडून विचारत होत्या, "मनूले कधीपासून पाठवतं माह्याकडं?"

मला काही समजेना. "कशाले?"

"माय वं! तुह्या सासूनं सांगतलं होतं नं. म्हणे, कॉलेज सुरू झालं की शाळा सुटल्यावर पोरीले तुमच्या इथं बसवजा, तिची आई येईपर्यंत. मी घरी राहीनच, पण माह्याच्यानं आता तिच्या मागं धावणं होत नाई."

"कधी सांगतलं?"

"दवाखान्यात न्यायच्या दोन-तीन दिवस पहिले. मी विचारलं, मागच्या साली तं अर्चना तीनच्या गाडीनं येत होती, आता काऊन उशीर? तं म्हणे, तिचं प्रॅक्टिकल आहे. मले सांगतलं नाई तिनं अजून, पण सांगन."

सांगन.

 तुम्ही मला शिक्षा करत नव्हता. तुम्ही वाट पाहत होतात, आणि तुमची खात्री होती. राजूच्या बाबतीत, बीएडच्या बाबतीत होती तशीच, हट्टी, न विचारता धरलेली खात्री. तिचाच मला राग यायचा. त्या खात्रीला मी खरी उतरले नाही, आई. तेव्हा उतरले नाही.

दुरुस्तीची शेवटची तारीख आज होती. मी दुपारच्या गाडीनं वर्ध्याला गेले. धांडे बाबूंनी रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.  मी रकान्याकडे पाहत उभी राहिले. तुमचं म्हणणं बरोबर निघेल, असं मला आजही अधूनमधून वाटतं. कदाचित नकाशांचं काम मिळणार नाही, कदाचित मी पदवी घेऊन घरीच बसेन आणि पस्तिशीत मला बीएडवाल्या मुलींचा हेवा वाटेल. आपलं भांडण मिटलेलं नाही. तुम्ही असत्या तर आज गाडीतून उतरल्या उतरल्या पुन्हा सुरू झालं असतं, आणि मी यावेळी दोन वाक्यं जास्त चांगली बोलले असते.

"बदल करता काय, ताई?" शेवटी धांडे बाबूंनी विचारलं.

"नाई," मी म्हणाले. "माह्या हातचंच आहे."

घरी आले, हातपाय धुतले, मनूला खायला दिलं. विलासला सांगितलं, तो हो म्हणाला. शुभांगीताईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. उद्या पुन्हा लावीन. आता फक्त तुम्ही राहिलात. तुम्हाला माहीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही ऐकलेलं नाही.

आई, मी मराठी नाई भरलं. भूगोल भरला. मले तोच शिकायचा होता. तुमच्या रागाले मी भेली नाई, तुमाले वाईट वाटन म्हणून भेली, अन म्हणून खोटं बोलली. ते चुकलं माहं. भूगोल घेतला, ते नाई चुकलं.

आता काय म्हणायचं ते म्हणा.